स्पीकर टेस्टिंगचं गाणं : सर्जिओ मेंडिस, चितळकर आणि हलगीवाले मामा

आजचा भाग ऐकायच्या आधी एक काम सांगतो. फोन स्पीकरवर असेल तर इअरफोन लावा. वायरचे असले तरी चालतील, जत्रेत घेतलेले असले तरी चालतील. आज ज्या गाण्याबद्दल बोलायचंय त्यातली अर्धी गंमत फोनच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. हे मी रोजच्या धंद्यातून सांगतोय.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी : मी आष्टीचा. बीडची आष्टी नाही, वर्ध्याची पण नाही. जालना जिल्हा, परतूर तालुका. इथं माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. स्पीकर बदलला की टेस्ट करायला काहीतरी वाजवावं लागतं. बाकीचे लोक त्या आठवड्यात जे चालतंय ते लावतात. मी कित्येक दिवसांपासून एकच गाणं लावतो, 'मास के नादा'. भाषा पोर्तुगीज, साल १९६६, सर्जिओ मेंडिस नावाच्या ब्राझीलच्या पियानोवाल्याच्या अल्बममधलं पहिलंच गाणं. त्यात टेस्टिंगला लागणारं सगळं आहे. खाली जाड बास, वर बारीक किणकिण, मधे पियानो, आणि दोन बायकांचे आवाज असे एकात एक मिसळलेले की मोजायला जावं तर चुकतं. स्पीकर फाटका असेल तर पहिल्या दहा सेकंदांत पकडला जातो.

गिऱ्हाईक हटकून विचारतं, "कोणचं गाणं हाये हे?" शब्दांचा अर्थ सांगायचा तर 'मास के नादा' म्हणजे साधारण 'हॅ, काहीतरीच!' आपण 'कायच्या काय' म्हणतो ना, तसलंच. एकदा एक आजोबा चार्जरसाठी आले होते. थोडं ऐकलं आणि म्हणाले, "गोव्याकडलं वाटतंय." आता बघा, आजोबांना पोर्तुगीज येत नाही. पण कान किती बरोबर!

कारण गोवा आणि ब्राझील, दोन्हीकडं पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि त्यांची जहाजं दोन्हीकडं फिरायची. काजू आपल्याकडं आला तो ब्राझीलहून, आणि येताना आपलं नावसुद्धा घेऊन आला. चावी, बादली, बटाटा, पाव, फीत, अननस, एवढंच काय बांधकामावरचं घमेलं, हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. म्हणजे आष्टीतला गवंडी घमेलं मागतो तेव्हा तो रिओतल्या माणसाला अर्धवट ओळखीचा शब्द बोलत असतो. हे कळल्यापासून मला ते गाणं परकं वाटायचं बंदच झालं.

तर हा मेंडिस. जन्म १९४१, रिओच्या समोर खाडीपलीकडं नितेरॉय म्हणून शहर आहे, तिथला. आधी शास्त्रीय पियानो शिकला, मग जॅझचा नाद लागला. रिओच्या कोपाकबाना भागात एक बोळ होता, त्याचं नाव 'बाटल्यांची गल्ली'. क्लबांतला रात्रीचा गोंगाट सहन न होऊन वरच्या मजल्यांवरचे रहिवासी खाली बाटल्या फेकायचे, म्हणून ते नाव पडलं म्हणतात. (आपल्याकडं डीजेवर अजून बाटल्या पडत नाहीत, नशीब.) त्या गल्लीत हा वाजवायचा. तो काळ बोसा नोव्हाचा. बोसा नोव्हा म्हणजे ढोल-ताशांचा सांबा घराच्या ओसरीवर आणून, गिटारवर, कुजबुजल्यासारखा गायचा. जुआंव जिल्बेर्तो आणि टॉम जोबिम ही त्यातली मोठी नावं. २१ नोव्हेंबर १९६२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात २१ वर्षांचा मेंडिस होता. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी हा अमेरिकेला गेला.

तिथं सुरुवातीला काही जमलं नाही. मग त्याने 'ब्राझील ६६' नावाचा बँड केला आणि त्याच नावाचा अल्बम काढला. कव्हरवर वरती नाव कुणाचं, तर हर्ब अल्पर्टचं! 'हर्ब अल्पर्ट सादर करीत आहेत' अशा थाटात. अल्पर्ट हा त्या वेळचा नावाजलेला ट्रम्पेटवाला आणि कंपनीचा मालकही. मेंडिसला अमेरिकेत कोण ओळखत होतं? त्यामुळं दुसऱ्याच्या नावाखाली जावं लागलं. हा नावाचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

अल्बममध्ये दहा ट्रॅक. त्यातले सहा ब्राझीलचे आणि चार इंग्रजी. इंग्रजीत बीटल्सचं 'डे ट्रिपर' पण आहे, आणि ते त्या वेळी अगदी ताजं होतं, काही महिन्यांपूर्वीच आलेलं. ब्राझीलच्या गाण्यांत एक बदकाचं गाणं आहे, 'ओ पातो'. एक 'बेरिंबाऊ' आहे. बेरिंबाऊ हे वाद्य म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेला आणि एकच तार. तुणतुण्याचा लांबचा चुलतभाऊ समजा.

पण पियानो समजून घ्यायचा असेल तर दुसरा ट्रॅक ऐका, 'एका सुराचा सांबा'. जोबिमची चाल. नावाप्रमाणेच वरचा गळा बराच वेळ एकाच सुरावर उभा असतो. मग कंटाळा का येत नाही? कारण खाली पियानो जमीन सरकवत असतो. सूर तोच, पण खालची पट्टी बदलली की तोच सूर आधी आनंदी वाटतो, मग जरा उदास, मग प्रश्न विचारल्यासारखा. आपल्या भजनी मंडळात पेटीवाला गायकाच्या मागं मागं जातो, गळा जिथं जाईल तिथं बोट. इथं उलटं आहे. गळा खांबासारखा थांबलाय आणि पेटी त्याच्याभोवती फिरतेय. असं आपण का केलं नाही, असा मला कधीकधी प्रश्न पडतो. मग वाटतं, आपल्याला गरज पडली नाही. आपण एकच पट्टी धरून तिच्यात इतकं खोल जातो की जमीन सरकवायचं सुचतच नाही.

आणखी एक. हा अल्बम पियानोवाल्याच्या नावाचा आहे, पण पियानोवाला पुढं येऊन हात दाखवत नाही. पुढं ठेवलंय लानी हॉल आणि बिबी फोगेल या दोघींना. लानी हॉल शिकागोची. तिला पोर्तुगीज येत नव्हतं, ती उच्चार पाठ करून गायची. मेंडिस मागं बसून छोटे छोटे ठोके देतो, तालाच्या अधेमधे, पट्ट्या दाबल्या की लगेच सोडल्या. पियानोला त्याने जवळजवळ तालवाद्य करून टाकलंय. कॅसिओ वाजवणारी जी पोरं ऐकतायत त्यांनी हे नीट ऐका. आपली सवय काय असते? कॉर्ड दाबली की दाबून धरायची, वर पुन्हा स्ट्रिंग्जचा आवाज लावायचा. मग हलगीला श्वास घ्यायला जागाच राहत नाही.

आता हलगी आलीच आहे तर तिच्याकडं वळू.

सांबा हा काही बैठकीतला प्रकार नव्हता. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या वस्त्यांतून तो वर आला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. सुरुवातीच्या काळात सांबा वाजवणाऱ्यांच्या मागं पोलीस लागायचे. १९१७ च्या सुमाराला त्याची पहिली रेकॉर्ड आली, आणि पुढं तोच सांबा देशाची ओळख झाला. त्यांच्या ताफ्यात सुर्दू म्हणून मोठा ढोल असतो, त्याचा जोराचा ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो, पहिल्या नाही. तांबोरीं म्हणून एक पंज्यात मावणारं चामड्याचं वाद्य असतं, काडीने वाजवतात. बघितलं तर हलगीचं लेकरू वाटेल. आणि कुईका! त्यात आतल्या काडीला ओलं फडकं घासून आवाज काढतात, कुणीतरी हसल्यासारखा किंवा कुंथल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दारात नंदीबैल आल्याचंच वाटलं. नंदीबैलवाल्याचं ते गुबुगुबु आठवा, काडी चामड्यावर घासून काढलेलं. कुणी कुणाचं उचललं असं मी म्हणत नाहीये. चामडं आणि काडी हातात आली की माणसाचा हात सगळीकडं सारखंच काहीतरी शोधतो.

पण सारखेपणा तेवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडं हलगी कुणी वाजवायची हे जातीने ठरवलं होतं. वरातीत त्या माणसाला सगळ्यांत पुढं चालवायचं आणि जेवायच्या वेळी पंगतीत सगळ्यांत मागं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी ते वाजवणंच सोडलं, कारण ते गावकीचं काम म्हणून लादलेलं होतं. ज्यांनी सोडलं त्यांनी ते का सोडलं हे समजून घेतल्याशिवाय 'लोककला वाचवा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

हे सगळं आज का काढलं ते सांगतो. माझा मावसभाऊ बँजो पार्टीत कॅसिओ वाजवतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एका हलगीवाल्या मामांचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं. मामांचं वय साठीच्या पुढं, आमच्याच भागातले. पोरांनी त्यातला आठ मात्रांचा तुकडा कापला, तो फिरता ठेवला, वर कॅसिओ, खाली बास, ट्रॅक तयार. ऐकायला जोरदार. नाव टाकलं स्वतःच्या पार्टीचं. मामांना ऐकवायला माझ्या दुकानात आले, कारण चांगला स्पीकर माझ्याकडं.

मामांनी शांतपणे पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "चांगलंय. पण माझी हलगी पळती, तुमची लंगडती. तुम्ही तिला शहरातल्या लोकांसाठी मऊ केली."

त्यावर तासभर वाद झाला. भाऊ म्हणाला, "मामा, मऊ केली म्हणून तर बाहेरचे ऐकतील." मामा म्हणाले, "मग ते मला ऐकतेत का तुला?"

मंडळी, मामांना माहीत नव्हतं, पण हा वाद ब्राझीलमध्ये फार आधी होऊन गेलाय. मेंडिसबद्दल त्याच्या देशात काही जणांची कायम तक्रार राहिली, की याने सांबा अमेरिकेला पचेल असा करून विकला. त्याच्या आधी कार्मेन मिरांडाचं तेच झालं. डोक्यावर फळांची टोपली घेऊन नाचणारी बाई, फोटो बघितला असेल तुम्ही. जन्म पोर्तुगालचा, वाढली रिओत, सांबाची मोठी गायिका. १९३९ मध्ये अमेरिकेला गेली, १९४० मध्ये परत येऊन रिओच्या एका कॅसिनोत गायली तर समोरचे बडे लोक गार बसून राहिले. ही अमेरिकन होऊन आली म्हणे. तिने त्यावर एक सांबाच रेकॉर्ड करून उत्तर दिलं.

आणि आता आपल्याकडं या. १९४५ च्या 'डॉल फेस' नावाच्या हॉलिवूड सिनेमात कार्मेन मिरांडाने 'चिको चिको' म्हणून गाणं गायलं. ती खरी ब्राझीलची चाल नव्हतीच, हॉलिवूडच्या लोकांनी 'तिकडलं' वाटावं म्हणून केलेली होती. ते गाणं फिरत फिरत मुंबईत आलं, एका माणसाच्या कानावर पडलं, आणि १९५० च्या 'समाधी' सिनेमात त्याचं झालं 'गोरे गोरे ओ बांके छोरे'. गायल्या लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी. तो माणूस म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गाव पुणतांबा, नगर जिल्हा. मनमाडहून दौंडकडं जाणाऱ्या गाडीने पुणतांबा स्टेशन लागतं बघा, तेच.

म्हणजे सांबावाल्या बाईच्या तोंडून निघालेलं नकली ब्राझील आपल्या पुणतांब्याच्या माणसाने घेतलं आणि त्याचं अस्सल काहीतरी केलं. आजीला विचारा, तिला 'गोरे गोरे' येतं. चिको कोण, तिला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, 'अलबेला' आला. भगवान दादांचा. 'एक अलबेला' हा मराठी सिनेमा २०१६ मध्ये आला होता, तो बघितला असेल तर गोष्ट माहीतच असेल. 'शोला जो भडके' पुन्हा ऐका. खुळखुळे, बोंगो, ट्रम्पेट, सगळा लॅटिन अमेरिकेचा बाज. आणि तो वाजवणारे कोण? गोव्याचे. चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा अँटोनियो झेव्हियर वाझ, ट्रम्पेटवाला, तो 'अलबेला'च्या गाण्यांत आपल्या बँडबरोबर पडद्यावरसुद्धा दिसतो. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये गावातल्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवायचे. ती पोरं मुंबईला आली आणि सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांच्या जोरावर उभा राहिला. संगीतकार चाल गुणगुणायचा, कागदावर उतरवून वीस-तीस वादकांना वाटून द्यायचं काम सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा लोकांचं. 'इना मिना डिका' मध्ये कोकणी शब्द आहेत ते उगाच नाहीत.

चितळकरांनाही लोक बोललेच, की पाश्चात्त्य धांगडधिंगा आणला. त्याच माणसाने १९५३ मध्ये 'अनारकली' केला, आणि १९६३ मध्ये दिल्लीत ज्या गाण्याने नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, त्या 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चालही त्यांचीच. मराठीत 'घरकुल'ची गाणी त्यांची. त्यामुळं 'मऊ केलं', 'बाटवलं', 'परकं आणलं' या तक्रारीवर माझं मत असं : ऐकून ठरवा. 'ब्राझील ६६' मऊ आहे, खरंय. पण हेडफोन लावून ड्रमवाला जुआंव पाल्मा आणि तालवाद्यवाला जोझे सोआरेस यांच्यावर कान धरला तर कळतं, साखर वरच्या थरात आहे. खालचा ताल कुठंही लंगडत नाही. बीटल्सच्या गाण्यालाही त्यांनी सांबाच्या चालीने चालायला लावलं, सांबाला बीटल्सच्या नाही. मामांचा मुद्दा नेमका हाच होता, आणि भावाने तो शेवटी मान्य केला. ट्रॅकचा वेग वाढवला, कापलेला तुकडा फेकला आणि मामांचं वाजवणं सलग ठेवलं. आता पळतीय.

पण मामांची दुसरी गोष्ट राहिलीच होती. ते म्हणाले, "माझं नाव टाक."

पोरं लगेच तयार. "टाकतो की मामा! 'हलगी : मामा' असं टाकू."

"मामा तुझा मी. लोकांचा नाही. पूर्ण नाव टाक. आडनावासकट."

इथं दुकानात एकदम शांत झालं. आडनाव टाकलं की जात कळते, आणि खाली कमेंटमध्ये काय काय येईल हे प्रत्येकाला माहीत. एक जण हळूच म्हणाला, "आडनाव कशाला मामा, उगाच."

मामा म्हणाले, "वाजवायला बोलवताना सगळ्यांना आडनाव पाठ असतंय. लिहायच्या टायमालाच कसं काय इसरता?"

मला यावर काही बोलता आलं नाही. वेगाचा वाद दोन्ही बाजूंनी करता येतो, नावाचा करता येत नाही. 'मास के नादा' मेंडिसने लिहिलेलं नाही. ते जॉर्ज बेनचं, त्याने १९६३ मध्येच रेकॉर्ड केलेलं. मेंडिसमुळं ते जगभर गेलं, पण गीतकार-संगीतकार म्हणून नाव जॉर्ज बेनचंच राहिलं, आजही ॲपमध्ये क्रेडिट उघडा, दिसेल. आणि आपल्याकडं? १९५१ च्या रेकॉर्डवर ट्रम्पेट कुणाचा, खुळखुळे कुणाचे, काही नाही. संगीतकार, गायक, संपलं. ज्या गोवेकरांनी आपल्याला नाचवलं त्यातल्या बहुतेकांची नावं आता कुणी शोधायला गेलं तरी सापडत नाहीत.

मेंडिसला स्वतःला अल्पर्टच्या नावाची सावली फार काळ लागली नाही. १९६८ मध्ये त्याचं 'द लुक ऑफ लव्ह' अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. १९९२ मध्ये 'ब्राझिलेरू' अल्बम काढला, त्यात तालवाद्यांचा अक्षरशः धो धो पाऊस आहे, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. मऊ केलं म्हणणाऱ्यांनी तो ऐकावा. २००६ मध्ये ब्लॅक आइड पीजबरोबर 'मास के नादा' पुन्हा केलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेच ऐकलं असेल. ५ सप्टेंबर २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, ८३ वर्षांचा होता. त्या दिवशी मी दुकानात अख्खा अल्बम लावला, साधारण अर्ध्या तासाचा तर आहे. एक गिऱ्हाईक म्हणालं, आज स्पीकर लईच खराब झालेत वाटतं.

तर आता तुमच्यासाठी काम. आज रात्री 'मास के नादा' तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसत्या दोघींच्या आवाजाकडं लक्ष द्या. दुसऱ्यांदा पियानो, आणि तो कुठं गप्प बसतो ते मोजा. तिसऱ्यांदा फोनच्या स्पीकरवर लावा आणि मग इअरफोन घाला, म्हणजे बास कुठं गायब झाला होता ते कळेल. त्याच्या मागोमाग 'शोला जो भडके' लावा. आशा भोसले आवडत असतील तर १९६६ च्याच 'पती पत्नी' मधलं 'मार डालेगा दर्द-ए-जिगर' पण लावा. आर. डी. बर्मनची चाल आहे, हिंदी सिनेमातला बोसा नोव्हा म्हणून ते गाणं ओळखतात. मेंडिसचा अल्बम आणि हे गाणं एकाच वर्षीचं.

पोरांचा ट्रॅक अजून अपलोड झालेला नाही. फाईल माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे, नावाच्या जागी सध्या मामांचं पूर्ण नाव आडनावासकट टाकलंय, आणि चार पोरांपैकी तिघांनी हो म्हटलंय. चौथा उद्या येतो म्हणालाय. मामांचं नाव मी इथं घेत नाही, ते ट्रॅकवरच वाचा. लिंक टाकेन.

चला, भेटू पुढच्या भागात. फोन चार्ज करून ठेवा.